बाबांच्या गाडीतला हातभर

ती. दादासाहेबांच्या चरणी,

आपल्या धाकट्या बहिणीने कधीकाळी पसंत केलेल्या आणि तेव्हापासून थोडाथोडा दुरुस्त करत आणलेल्या मेहुण्याचा सादर प्रणाम. आपली प्रकृती कशी आहे? मागच्या पत्रात आपण लिहिले होते की उजवा गुडघा बसताना एक आवाज करतो आणि उठताना निराळाच. त्यावर मी बराच विचार केला. दोन्ही वेळा एकच आवाज येत असता तर झीज समजावी, दोन वेगळे आवाज येतात याचा अर्थ सांधा अजून भार ओळखतो आहे, आणि हे सुचिन्ह आहे (हे मत वैद्यकीय नाही, यांत्रिक आहे, औषध चालूच ठेवावे). वहिनींचा खोकला उतरला असेल. रोपवाटिकेतल्या गुलाबाच्या कलमांनी जीव धरला का? आणि आपल्या आखूड गाडीच्या हौद्यात माती भरून लावलेले टोमॅटो कसे आहेत? संपत आले का? (हा प्रश्न निव्वळ आपुलकीने विचारला आहे. त्यामागे कसलाही हेतू शोधू नये.)

पत्रास कारण की, बाबांची लांब गाडी आता लांब राहिलेली नाही.

हे वाक्य वाचून आपण खुर्चीवरून उठला असाल तर कृपया गुडघा सांभाळून पुन्हा बसावे. गाडी सुखरूप आहे. तिला कोणी धडक दिलेली नाही, तीही कोणावर जाऊन आदळलेली नाही (एका बटाट्याच्या पिशवीचा अपवाद आहे, तो क्रमाने येईल). ती केवळ हातभर आखूड झाली आहे. तीही विचारपूर्वक, तीही मधून. हे सगळे नीट समजावे म्हणून मी प्रारंभापासून सांगतो. सौ.चे म्हणणे असे की माझे सांगणे म्हणजे हातभर लाकूड आणि दहा हात ढलपी. परंतु या प्रकरणात लाकूड खरोखरच हातभर आहे, तेव्हा ढलपीकडे आपण उदार मनाने पाहावे.

बाबांच्या दोन गाड्यांचा इतिहास आपल्याला मी सांगणे म्हणजे माशाला पोहणे शिकवणे होय. तरी मांडणी पूर्ण असावी म्हणून दोन शब्द. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या, एकाच फिकट हिरव्या रंगाच्या त्या दोन पिकअप. लांब हौद्याची झाडे पोहोचवायला, आखूड हौद्याची कुंड्या पोहोचवायला. बाबांच्या मागे लांब गाडी सौ.कडे आली, कारण ती चालवायला शिकली ती त्याच गाडीवर. आणि आखूड आपल्याकडे राहिली. तेव्हापासून आजतागायत आपल्या घरी आमचे पाऊल पडले आणि आपण ‘बाबांनी लांब गाडी धाकटीला दिली आणि आखूड माझ्या गळ्यात मारली’ हे म्हटले नाही असे झालेले नाही. त्यावर सौ. म्हणते, ‘दादा, तुझे पाय पोचत नव्हते म्हणून.’ त्यावर वहिनी चहा आणतात. (हे वाक्य आपण लक्षात ठेवावे. चहाचे नव्हे, तक्रारीचे.)

आता आमच्या घराकडे वळू. या घराचे गॅरेज बांधणाऱ्याने कोणती गाडी डोळ्यांसमोर ठेवली होती ते कळायला मार्ग नाही. बहुधा सायकल असावी. गाडी नाकाने मागच्या भिंतीला टेकली तरी तिची शेपटी हातभर दाराबाहेर, थेट सामाईक बोळात. बोळाच्या टोकाला एका दंतवैद्यांचा दवाखाना आहे. त्यांचे रुग्ण गालावर हात धरून, खाली न पाहता येतात, आणि त्यांचे गुडघे आमच्या मागच्या बंपरला लागतात. एका गृहस्थांनी तर दंतवैद्यांना सांगितले, दात आता दुखत नाही, गुडघ्याचे काही करता येईल का? दंतवैद्य सोशिक माणूस. पण सोशिक माणसाने एकदा बोलायचे ठरवले की तो फार नेमके बोलतो. सहकुटुंब सुट्टीवर जाताना ते आमच्या दाराशी थांबले आणि हसत म्हणाले, ‘मास्तर, मी परत येईन तेव्हा एक तर तुमचं दार बंद झालेलं असेल, नाही तर माझं तोंड उघडेल.’

त्याच दुपारी सौ.ने भंगारवाल्याला बोलावले. ती रागावली नाही. त्याला गाडी दाखवली आणि दंतवैद्य परतण्याच्या आत येऊन घेऊन जा म्हणाली. भंगारवाल्याने बोनेटवर ज्या पद्धतीने बोटे वाजवली ती मला मुळीच आवडली नाही. कलिंगड घेताना लोक वाजवतात तशी. तो गेल्यावर सौ. नेहमीप्रमाणे गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसली. रोज संध्याकाळी ती तिथे थोडा वेळ बसते. (आतला पसारा आवरते असे सांगते. आत पसारा नाही, दादासाहेब. मी पाहिले आहे.) तेव्हा माझ्या ध्यानात आले की गाडी आत घेणे हा आता जागेचा प्रश्न राहिलेला नाही.

मार्ग तीन होते. गॅरेज लांब करणे: अशक्य, मागच्या भिंतीपलीकडे दुसऱ्यांचे स्वयंपाकघर आहे आणि त्यांची शेगडी भिंतीला लागून आहे. गाडी देऊन टाकणे: त्याचा विचार मी वरच्या परिच्छेदातच संपवला. उरले गाडी आखूड करणे. मी जन्मभर तंत्रशाळेत यंत्ररेखन शिकवले. फळ्यावर मी इतक्या चासी कापल्या आहेत की त्या एकापुढे एक ठेवल्या तर आपल्या घरापर्यंत पोहोचाव्यात. लोखंडावर कधी कापली नव्हती एवढेच. पण खडूची आणि लोखंडाची भूमिती एकच असते. फक्त लोखंडावर डस्टर चालत नाही.

कोणतेही काम टेबलापासून सुरू होते, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत असे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी ढकलत बोळात आणली आणि रिकाम्या झालेल्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला प्रथम एक टेबल केले. भिंतीत लोखंडी दांडे पुरले, सिमेंट भरले, वर जाड फळी बोल्टांनी आवळली. रुंदी हातभर, म्हणजे हत्यारे सहज मांडता यावीत. दादासाहेब, ते टेबल आपण पाहावेच. त्यावर मी स्वतः उभा राहून उडी मारून पाहिली; थरथर म्हणून नाही. (सौ.ने त्या वेळी ‘हे इथंच का?’ असे विचारले होते. मी तिला टेबलाची उंची आणि पाठीचा मणका यांचा संबंध सविस्तर समजावून सांगितला. तिने पुन्हा विचारले नाही.)

चासी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. केबिन, इंजिन, हौदा ही सगळी वरची मंडळी; त्यांना खालून पेलणाऱ्या दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, ही चासी. घरात जे स्थान न बोलणाऱ्या थोरल्या सुनेचे, ते गाडीत चासीचे. केबिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये या तुळयांचा एक सरळ भाग असतो, तिथून हातभर तुकडा काढायचा आणि मागचा भाग तितका पुढे आणून जोडायचा. ऐकायला हे बाही आखूड करण्याइतके सोपे वाटते. परंतु बाही वाकडी झाली तर माणूस वाकडा चालत नाही. चासी वाकडी झाली तर गाडी जन्मभर खेकड्यासारखी तिरकी चालते. म्हणून हौदा उतरवून बाजूला ठेवला, चासी लोखंडी घोड्यांवर (म्हणजे टेकूंवर) घेतली, पाणसळ लावून सपाट केली, पुढून मागे दोरी ताणली, काटकोनी गुण्याने खुणा केल्या, आणि त्या खुणा पुन्हा उलट दिशेने मोजल्या. सौ. टेपचे दुसरे टोक धरून उभी होती. मी तिला प्रत्येक पायरी समजावून सांगत होतो, आणि ती दर वेळी ‘हं’ म्हणत होती.

काप सरळ घ्यायचा नसतो, हा यातला सर्वांत सुंदर मुद्दा. सरळ कापला तर सांध्याचा सगळा भार एकाच रेषेवर येतो, आणि ज्या रेषेवर सगळी भिस्त तीच रेषा एके दिवशी सगळ्यांना सोडून जाते. म्हणून वरची कड एका ठिकाणी कापायची, खालची जरा पुढे, आणि मधला भाग आडवा चिरायचा. जिन्याच्या पायरीसारखा काप येतो आणि दोन्ही भाग एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे बसतात. ग्राइंडर कसा धरावा, ठिणग्या कोणत्या बाजूला उडू द्याव्यात, पाते अडकू नये म्हणून अंग कसे तिरके ठेवावे, हेही मी सौ.ला करून दाखवले. (तिला त्याचा काही उपयोग नाही हे मान्य. पण समोर ऐकणारे असले की माझा हात स्थिर राहतो.)

यानंतर जे घडले त्यात माझी चूक नव्हती, फक्त क्रम चुकला. मागचा भाग पुढे सरकवायचा म्हणून मी तो घोड्यांवरून त्याच्या चाकांवर उतरवला होता आणि त्याच्या पुढच्या टोकाखाली दोन चाकांचा पाट सरकवला होता. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, पण त्याची वायर केबिनमधून येते, आणि ती मी आदल्या दिवशीच सोडवून गुंडाळून ठेवली होती. थोडक्यात, शेवटची चीर पूर्ण झाली त्या क्षणी गाडीचा मागचा भाग हा एक स्वतंत्र, विनाब्रेक, चारचाकी नागरिक झाला. आमच्या दारापुढे बोळ सपाट आहे, पण वीतभर पुढे उतार लागतो. तो वीतभर प्रवास त्याने अगदी विचारपूर्वक केला. नंतर विचार सोडला.

मी मागे धावलो. (धावताना मला कळले की माझ्या गुडघ्यालाही दोन आवाज आहेत.) खालून सौ. बाजार करून येत होती. समोरून आपल्या वडिलांच्या गाडीचा अर्धा भाग, चालकाविना, दंतवैद्यांच्या फाटकाच्या रोखाने येताना दिसल्यावर दुसरी कोणीही बाजूला झाली असती. पण आपण दोघे लहानपणी बाबांच्या गाडीत मागे बसायचात ते फिरायला नव्हे; चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड लावायला. कोणाचा दगड आधी लागतो यावर आपली भांडणे होत असत असे ती सांगते. तिने इकडेतिकडे पाहिले, दगड नव्हता. तेव्हा बटाट्याची पिशवी चाकाखाली सारली आणि बाजूला झाली. गाडी, म्हणजे तिचा उपलब्ध भाग, जागच्या जागी थांबला. मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, ‘मागचा भाग आला. पुढचा कधी येतोय?’

जोडकामाला वेल्डर घरी बोलावला. माझे स्वतःचे वेल्डिंग मी एका जुन्या पट्टीवर करून पाहिले होते. ते दिसायला वारुळासारखे आणि ताकदीला पापडासारखे झाले. वेल्डर आला, गाडीभोवती फिरला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारता झाला, ‘मास्तर, धुतल्यावर आटली का हो?’ मी त्याला सगळी योजना सांगायला बसवले. मध्येच तो म्हणाला, ‘मास्तर, मी जोडायला आलोय. परीक्षेला बसवू नका.’ पण कर्णांच्या बाबतीत मी मागे हटलो नाही. चादरीची घडी घालताना दोघे जण समोरासमोरचे कोपरे धरून ओढतात, आणि दोन्ही तिरप्या बाजू सारख्या ताणल्या गेल्या तरच चादर चौकोनी असते, चासीचेही तसेच. एका तुळईच्या पुढच्या टोकापासून दुसरीच्या मागच्या टोकापर्यंत मोजले, मग उलटे मोजले. वेल्डरने हसत हसत टेप धरला. मग हसायचा थांबला. दोन्ही मापे तंतोतंत एक आली. त्याने चष्मा खाली ओढला, म्हणाला, ‘कंपनीतून आली तेव्हासुद्धा इतकी सरळ नसणार ही,’ आणि मुकाट्याने वेल्डिंगला लागला. आतून जाड पट्ट्याही बसवल्या. दादासाहेब, सेवानिवृत्तीच्या समारंभातसुद्धा मला इतके भरून आले नव्हते.

बाकीच्या गोष्टी ओघाने आल्या. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट तितकाच आखूड करून, तोल साधून आणला (तोल नीट साधला नाही तर गाडी वेगात थडथडते, याविषयी स्वतंत्र पत्र लिहिण्याची माझी तयारी आहे). ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या. मग सौ. केबिनमध्ये चढली आणि या वेळी पसारा आवरायला नव्हे. एक चक्कर मारून आली. उतरताना एवढेच म्हणाली, ‘बाबांच्या हातात ही कधी एवढी अवखळ नव्हती,’ आणि तोंड फिरवून बोनेट पुसू लागली. बोनेट स्वच्छ होते.

तात्पर्य, काम शास्त्रशुद्ध पार पडले आहे. गाडी हातभर आखूड झाली, गॅरेजला हातभरच कमी पडत होता. वजाबाकीची बाकी शून्य. दंतवैद्य काल परतले. दाराच्या संदर्भात एक किरकोळ मुद्दा शिल्लक आहे, त्याची कारणमीमांसा मी आज त्यांना दवाखान्यात जाऊन समक्ष सांगणार आहे. भंगारवाल्याला सौ.ने अद्याप नाही म्हणून कळवलेले नाही. तिचे म्हणणे, दार लागेल तेव्हा कळवीन.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपावे.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. : एक अगदी बारीक बाब लिहायची राहिली. चासी आखूड झाल्यामुळे आमचा लांब हौदा आता तिच्यावर बसत नाही. केबिनच्या पाठीत घुसतो. हौद्याशिवाय गाडी म्हणजे डोके आणि फासळ्या. नेमक्या मापाचा, नेमक्या हिरव्या रंगाचा हौदा माझ्या माहितीत एकच आहे, आणि सध्या त्यात टोमॅटो आहेत. आपण विचाराल की तो बसेल याची खात्री काय? मागच्या खेपेला वहिनी चहा करत असताना मी आपल्या गाडीखाली बराच वेळ होतो. मांजर शोधतो आहे असे मी आपल्याला सांगितले होते. आपल्याकडे मांजर नाही, हे आपल्या त्या वेळी लक्षात आले नाही, याबद्दल मी आभारी आहे.

पुन्हा ता. क. : मी फुकट मागत नाही. बदल्यात आमचा लांब हौदा आपला. तो आपल्या आखूड चासीवर बसणार नाही, ही शंका आपल्याला येईल म्हणून आधीच निरसन करतो: कापलेले दोन्ही तुकडे मी तेल लावून, जुन्या धोतरात गुंडाळून जपून ठेवले आहेत. मी स्वतः वेल्डरला घेऊन येतो आणि ते आपल्या गाडीत घालून देतो. लांब गाडी मिळाली नाही ही आपली जन्माची तक्रार मिटेल, आणि घराण्यातल्या गाड्यांची एकूण लांबी बाबा ठेवून गेले तेवढीच राहील. आपल्या अंगणाला उतार आहे का, तेवढे कळवावे.

आणखी एक, दुसऱ्या हाताने :

दादा, मी लिहितेय. पत्र चिकटवायला माझ्याकडे देऊन हे दवाखान्यात गेलेत. तिथं खुर्चीत कुणीतरी तोंड उघडून बसलेलं असणार. आयुष्यात पहिल्यांदा यांना मध्येच न बोलणारा श्रोता मिळालाय, तेव्हा लवकर येत नाहीत.

दाराचा ‘किरकोळ मुद्दा’ काय तो तुझ्या लक्षात आलाच असेल. गाडी हातभर आखूड झाली आणि टेबल हातभर रुंद आहे. शेपटी जिथल्या तिथं बोळात. टेबल काढा म्हटलं, तर गॅरेजच मुळात चुकलंय हे मला आकृती काढून समजावलं. काल भंगारवाला डोकावून गेला, म्हणाला, ‘बाई, अर्धं काम तर तुम्हीच केलंत की.’

हौदा मात्र खरंच दे. टोमॅटो संपले की पाठव, घाई नाही. आमचा लांब हौदा तू घे, गाडीवर नको, अंगणात जमिनीवरच ठेव आणि त्यात टोमॅटो लाव, दुप्पट येतील. त्याला वेल्डिंग लागत नाही. तुझ्या गाडीला यांना हात लावू देऊ नकोस. बाबांची एक तरी गाडी बाबांच्या मापाची राहू दे. मांजर शोधायला आले तर चहा आधी दे.

मध्ये थोडा वेळ पेन ठेवलं होतं. ग्राइंडर कसा धरायचा, ठिणग्या कुठं उडवायच्या, अंग कसं तिरकं ठेवायचं, सगळं नीट लक्षात होतं. शिकवतात छान, ते मान्यच करायला हवं. टेबलाचे दांडे भिंतीच्या अंगानं कापले. गाडी आत घेतली. दार लागलं, दादा. कडी घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. भंगारवाल्याला नको म्हणून सांगून आले.

आता हे येतील, बंद दाराकडे बघतील आणि काय म्हणतील ते मला पाठ आहे: ‘बघ, सांगत नव्हतो? वजाबाकी बरोबरच होती.’